कोरोना वॉर्डातली लेकरं आणि आम्ही

परभणीत आम्ही दोन-चार बालरोगतज्ज्ञ चहाला बसलो, की कुणीतरी कोरोना वॉर्डाचा विषय काढतोच. तेव्हा जीव मुठीत धरून काम केलं आणि आता आठवतात ते किस्से! एक सांगायला घ्यावा, तर मागं चार उभे असतात.

*

चारठाण्याचा एक पठ्ठ्या स्वॅब देईना. शेवटी सौदा ठरला : आधी डॉक्टरांचं नाक, मग त्याचं. सिस्टरनं माझ्या नाकात काडी घातली. त्यानं निरखून पाहिलं आणि गुमान नाक पुढं केलं. दोन्ही नमुने तपासणीला गेले. त्याचा निगेटिव्ह आला, माझा पॉझिटिव्ह!

जाताना तो आईला म्हणाला, "डॉक्टरला ठेवून घेतलं, मला सोडलं."

*

ताप आला की आया लेकराला गोधडीत गुंडाळायच्या. मी रोज ओरडायचो, "काढा ती गोधडी, अंग मोकळं ठेवा." एकदा पोखर्णीच्या चिमुरडीनं माझं पीपीई किट खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"आधी तुमी काढा की."

*

पूर्णेची एक बाळंतीण पॉझिटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह, सोबतीची सासूही पॉझिटिव्ह. बाळाला ऑक्सिजन लावलेला. "दूध पाजू का?" म्हणून आई रडकुंडीला आलेली. मी सांगितलं, "मास्क लावा, साबणानं हात धुवा आणि बिनधास्त पाजा."

संध्याकाळी सासूबाईंना विचारलं, "कसं पितंय?"

"कशाचं पितंय सायेब, तोंडच लावीना."

मी नळीनं दूध द्यायच्या तयारीला लागलो. तेवढ्यात आई हळूच म्हणाली, "लय चांगलं पितंय सर. आत्याबाई चांगलं म्हनतच न्हाईत, दृष्ट लागती म्हनून."

*

त्याच बाळाचा ऑक्सिजन काढला, ती सकाळ माझ्यासाठी परीक्षेचीच होती. आपल्या श्वासावर ते टिकेल ना, एवढाच प्रश्न होता. मॉनिटरवर ऑक्सिजनचा आकडा आला, ९८. मला इतका आनंद झाला, की मी तो मोठ्यानं वाचला. सिस्टर म्हणाली, "वा, अठ्ठ्याण्णव." शेजारच्या खाटेवरचे आईबापही येऊन बघून गेले.

मी पुढच्या पेशंटकडे वळलो, तोच सिस्टर किंचाळली, "सर, मॉनिटरवर आठ!"

धावत गेलो. बाळ छान गुलाबी, आईच्या कुशीत चुटुचुटु दूध पीत होतं. मॉनिटरवर मात्र खरंच आठ होते. त्याच्या अलीकडच्या नवावर काजळाचा जाड ठिपका होता.

सासूबाई पदराला बोट पुसत म्हणाल्या, "जो तो येऊन त्या आकड्यालाच चांगलं म्हनायलाय."