सगळे दादाचे

स्वतःच्या वस्तूंवर इतक्या हौसेने नाव घालून घेणारा आणि त्यातली एकही वस्तू स्वतः न वापरणारा माणूस साऱ्या नाशकात एकच होता. तो आमचा घरमालक, ज्यांना मी काका म्हणत असे. मी नामपूरकडून शिकायला आलो तेव्हा पंचवटीतल्या आपल्या घरातली रस्त्याकडची खोली त्यांनी मला दिली आणि किल्ली हातात ठेवण्यापूर्वी तिची चतुःसीमा ऐकवली : "पूर्वेस गटार, दक्षिणेस मोरी, पश्चिमेस मी आणि उत्तरेस परमेश्वर. अतिक्रमण कुठल्याच बाजूला चालणार नाही." ते निवृत्त तलाठी होते. आयुष्यभर लिहिलेले पंचनामे त्यांच्या अंगात इतके मुरले होते की चष्मा सापडेना झाला तर ते "सदर चष्मा शेवटचा कोणी पाहिला?" असे विचारीत. घरात दुसरे कोणी नसले तरी विचारीत. मला मात्र त्यांनी कधी भाडे मागितले नाही. जमेल तेव्हा मी देत असे. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. शाळेतल्या नोकरीसाठी केलेला माझा अर्ज त्यांनी तीनदा फाडला आणि चौथ्यांदा स्वतः सांगून लिहून घेतला. आज मी जो काही आहे, त्या अर्जामुळे आहे.

मागच्या खोलीत त्यांची धाकटी बहीण कमलताई राहत. लहानपणी पोलिओने त्यांचे दोन्ही पाय गेले होते. आईने मरण्यापूर्वी आपल्या वाट्याची जमीन विकली आणि आलेले पैसे थोरल्याच्या हातात देऊन सांगितले, "हे कमळीचे. तू नुसता सांभाळ." पुढे सरकारने निराधार अपंगांना दरमहा अनुदान द्यायला सुरुवात केली. अट अशी की अर्जदाराला स्वतःचे उत्पन्न नको आणि मालमत्ताही नको. वर्षातून एकदा चौकशीला माणूस येणार. झाले! आईचे पैसे ताईंवर खर्च तर करायचे, पण ताईंचे म्हणून घरात काही दिसू द्यायचे नाही, असा विडा काकांनी उचलला. खोटे बोलायला ते तयार नव्हते. "खोटे कशाला? वस्तू खरोखरच माझ्या करून टाकू," ते म्हणाले. मग भांडी बाजारातून नाव घालणारा कारागीर आला आणि ताईंच्या ताटवाट्या, तांबे, डबे, पातेली, सगळ्यांवर काकांचे पूर्ण नाव खोदून गेला. "काका, चमच्यावर नाव मावत नाय," तो कुरकुरला. "आद्याक्षरे घाल," काका म्हणाले. रेडिओचे लायसन्स त्यांच्या नावावर, पंख्याची पावती त्यांच्या नावावर. ताईंच्या चाकाच्या खुर्चीच्या पाठीवर तर पांढऱ्या रंगात त्यांचे नाव एवढे मोठे लिहिले होते की मी ताईंना घाटावर फिरवायला नेले की लोकांना ते एखाद्या दुकानाचे नाव वाटे. चूल वेगळी तर कुटुंब वेगळे, म्हणून दोघांचे स्टोव्हही वेगळे होते. रोज सकाळी उंबऱ्यावरून इकडची आमटी तिकडे आणि तिकडच्या भाकरी इकडे जात. काका त्याला शेजारधर्म म्हणत.

चौकशीच्या आधी रंगीत तालीम होई. काका टोपी घालून साहेब होत आणि ताईंच्या खोलीत दार वाजवून शिरत.

"हा पंखा कोणाचा?"

"दादाचा."

"मग तुमच्या डोक्यावर का फिरतोय?"

"दादाला वारा सोसत नाही, साहेब."

"दादा कुठे आहेत?"

"बाहेर गेलाय. येईल एवढ्यात."

"शाब्बास. ही खुर्ची?"

"दादाची. आणि मी कोणाची ते नाही विचारलंत?"

"तो प्रश्न अर्जात नाही," काका म्हणत आणि टोपी काढून उगाच पुसत बसत.

खऱ्या चौकशीच्या वेळी काका घरात थांबत नसत. येणारा माणूस एके काळी त्यांच्या हाताखाली काम केलेला असे, तेव्हा भीड नको म्हणून ते समोरच्या दळणाच्या गिरणीत जाऊन बसत. माणूस गेला की भुवयांवर पीठ घेऊन परत येत. पंच म्हणून पंचनाम्यावर सही माझी असे. हे बरोबर होते का, हा प्रश्न मला तेव्हाही पडे. एकदा मी धीर करून म्हणालो, "काका, त्या रकमेत महिन्याचे दूधही येत नाही. कशाला हा खटाटोप?" ते म्हणाले, "उद्या सुट्टी आहे ना? अकरा वाजता मागे बैस."

अकराला पोस्टमन आला. "ताई, हाय का घरात?"

"नाय, गोदेवर पोहायला गेलेय."

पोस्टमन हसला. त्याने मनीऑर्डरचा फॉर्म पुढे केला आणि फॉर्मवरचे ताईंचे पूर्ण नाव मोठ्याने वाचले. ताईंनी केस सारखे केले, पदर नीट घेतला आणि सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली. काका हलकेच मला म्हणाले, "अख्ख्या घरात तिच्या नावाचं एवढंच आहे."

त्यानंतर मी तो प्रश्न विचारला नाही. फक्त एवढे सुचवले की आईच्या पैशांबद्दल कुठेतरी लिहून ठेवा. काका एकदम कडाडले, "कागद झाला की सापडतो! तीस वर्षे मी लोकांचे कागदच हुडकले." पासबुकही त्यांच्या एकट्याच्या नावाचे होते.

श्रावणात एका सकाळी काका देवपूजेला बसले ते उठलेच नाहीत. मुलगा इगतपुरीला रेल्वेत होता, तो आला. वाईट माणूस नव्हता तो. तीन मुली, ओल धरलेले क्वार्टर, बायको आजारी. चौदाव्या दिवशी त्याने वडिलांच्या नावाचे सामान बांधायला घेतले. ताटे बांधली, डबे बांधले, रेडिओ घेतला, पंखा उतरवला. पासबुक त्याच्या खिशात होते. मी त्याला बाजूला घेऊन सगळे सांगितले. तो शांतपणे म्हणाला, "सर, एखादा कागद दाखवा. मी आत्ता परत ठेवतो." माझ्याकडे कागद नव्हता. आद्याक्षरांचे चमचे तो मोजून घेत होता. शेवटी खुर्चीकडे पाहून म्हणाला, "ही राहू दे आत्या. आणि खोलीतून तुला कोणी काढणार नाही."

तो गेल्यावर मी ताईंना म्हणालो, "आपण वकील करू. मी साक्ष देतो, पैसे तुमचे होते म्हणून."

"माझे होते म्हटलं की मनीऑर्डर बंद," ताई म्हणाल्या. "आणि इतकी वर्षं दादाने सरकारला फसवलं, असं कोर्टात तुम्ही सांगणार? त्याने लिहून घेतलेल्या अर्जावर नोकरी लागलेले तुम्ही?"



दिवाळीनंतर चौकशी आली. माणूस नवा होता, तरुण. खोलीत माझ्या गावच्या घरून आणलेली दोन पातेली, एक ताट, एक तांब्या. छताला पंख्याचा नुसता हूक. त्याने लिहिले, "अर्जदाराच्या मालकीचे काहीही आढळले नाही." इतक्या वर्षांत मी सही केलेला तो सगळ्यात खरा पंचनामा. जाता जाता त्याचे लक्ष खुर्चीच्या पाठीकडे गेले.

"ही कोणाची?"

"दादाची," ताई म्हणाल्या.

"कुठे असतात ते?"

मी खाली पाहिले. ताईंचा आवाज तालमीत असे तसाच होता, जराही न हललेला.

"बाहेर गेलाय. येईल एवढ्यात."

त्या माणसाने मान डोलावली आणि कागद पिशवीत घातले. समोर गिरणी चालू होती. तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी दारात उभा राहून तिकडेच पाहत होतो.