आईचे गुडघे आणि बाबांचं रेलिंग

सेक्टर सहामधल्या आमच्या क्वार्टरमागे जमीन खोल आहे. म्हणून स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला लागून बाबांनी तरुणपणी मशिनींच्या खोक्यांच्या फळ्या ठोकून एक उंच ओटा केला होता. घरात सगळे त्याला मचान म्हणत. त्यावरून तीन-चार पायऱ्या उतरलं की बाबांची बाडी: वांगी, टमाटर, लाल भाजी. स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यावर बाबा माणसांत कमी आणि वांग्यांत जास्त राहू लागले.

मागच्या उन्हाळ्यात सगळ्यात खालची पायरी मोडली आणि बाबा टमाटरांत पडले. हाडं शाबूत राहिली, टमाटर नाही. पण त्या दिवसापासून ते खाली उतरेचनात. पाय कापतात असं कबूल करतील तर ते बाबा कसले! आधी म्हणाले ऊन फार आहे, मग म्हणाले चिखल फार आहे. दारात उभं राहून वरूनच पाइपानं पाणी मारायचे. लाल भाजी आडवी झाली, शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरी भिजल्या. रविवारी मी दुर्ग शहरातून आले की त्यांना असं दारात उभं पाहून जीव तुटायचा, आणि संतापही यायचा. बाडी समोर दिसतेय आणि माणूस उंबऱ्यावर अडकलाय, हे काय जगणं झालं?

मचान नवं करायचं ठरलं, तेही लोखंडाचं. मी म्हटलं, पायऱ्यांना रेलिंग लावू. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी काही मी त्यांच्या हातात म्हाताऱ्याची काठीच दिली.

"जन्मभर फर्नेसवर चढलो मी. या पायऱ्यांसाठी मले दांडा पाह्यजे काय?"

मी म्हटलं, प्लांटमध्ये तर प्रत्येक जिन्याला रेलिंग असायचं. तर म्हणे, तो नियम होता. घ्या!

आई कणीक मळत सगळं ऐकत होती. दुसऱ्या दिवसापासून ती लंगडायला लागली. माझी आई, जी महालक्ष्म्यांच्या हळदीकुंकवाला फुगडीत शेजारपाजारच्या सुनांना दमवते! कमरेवर हात ठेवून तिनं बाबांना सांगितलं, की आता गुडघे धरले, दांड्याशिवाय काही खाली उतरवत नाही. बाबांनी तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग त्यांनी पेन्सिल शोधली.

बायकोसाठी करायचं म्हटल्यावर माणसाला प्लांट आठवला. दोन्ही बाजूंनी रेलिंग, मध्ये एक आडवा पाइप, आणि खाली कडेनं पट्टी, वरून हत्यार निसटून खालच्या माणसाच्या डोक्यात पडू नये म्हणून. आमच्या खाली वांगी होती. रंग अर्थातच पिवळा. पहिल्या नकाशात जिना इतका उभा होता की क्रेनवरून उतरतात तसं तोंड जिन्याकडे करून, दोन्ही हातांनी धरून उतरावं लागलं असतं. आईनं विचारलं, मग भाजीचं टोपलं काय दातात धरू? बाबांनी जिना आडवा केला, पायऱ्या बुटक्या आणि रुंद केल्या. जिना लांबत लांबत वांग्यांच्या वाफ्यात शिरला. बाबांनी दारातूनच सांगून माझ्याकडून वांग्यांची एक अख्खी ओळ उपटवून घेतली.

मग रेलिंगची उंची. बाबांनी आईला भिंतीपाशी उभं केलं आणि म्हणाले, हात जिथं सहज टेकतो तिथं धर. आई बाबांपेक्षा वीतभर बुटकी. तिनं हात चांगला वर धरला, बरोबर बाबांच्या हाताला येईल तिथं.

"एवढा वर कावून?" बाबांनी विचारलं.

"मले असाच बरा वाटते."

बाबांनी खडूनं खूण केली. मी दारात उभी होते. सगळं समजलं. आत जाऊन उगाच चहा ठेवला.

कॅम्प-1 वस्तीतला वेल्डर नकाशा पाहून म्हणाला, "अंकल, घर की सीढ़ी है कि फर्नेस की?" इकडे आईच्या गुडघ्यांचा बोभाटा झाला. शेजारच्या काकूंनी तेल आणून दिलं आणि स्वतः चोळायला बसल्या. भजनात तिला खुर्ची मिळाली, त्याचा तिला भयंकर राग. त्यातून ती कधी उजव्या पायानं लंगडे, कधी डाव्या. मी शेवटी कानात सांगितलं, बाई गं, एक पाय ठरव.

जिना बसवून झाला. बाबा म्हणाले, तुझी आई उतरायच्या आधी मजबुती तपासतो. दोन्ही हातांनी रेलिंग धरून हळूहळू खाली गेले, वाफ्यापाशी बसले ते जेवणाच्या हाकेलाच उठले. त्यानंतर रोज सकाळी मजबुती तपासणं सुरू झालं.

पुढच्या रविवारी मी खिडकीत होते. बाबा खाली निंदणी करत होते आणि आई टोपलं घेऊन लंगडत पायऱ्या उतरत होती. बाबांनी मान वर न करताच म्हटलं,

"पुरे आता. लंगडून लंगडून खरंच गुडघे जातीन तुझे."

आई मधल्या पायरीवर थांबली.

"मग तुमी सोडणार तं नाही ना दांडा?"

"धरून राहिलो ना रोज," बाबा म्हणाले.

आई उरलेल्या पायऱ्या तडातडा उतरली.