गरीब दिसायचं कसं?

माझ्या आत्याला साखरेची बिमारी आहे, आणि मिजास त्याहून जुनी. वसमतच्या बाजारात हळद जाते ना, ती काढायला, शिजवायला ती रोजानं जाते. हंगामात हात कोपरापर्यंत पिवळे. पण सरकारी दवाखान्यात जायचं म्हटलं की कडक इस्त्रीची पांढरी साडी, चापूनचोपून बसवलेले केस आणि मनगटावर बंद पडलेलं घड्याळ. आम्हा बौद्धांच्या घरात ही आजीपासूनची शिकवण. चारचौघांत जायचं तर नीटनेटकं जायचं, नाक मुरडायची कुणाची टाप होऊ द्यायची नाही. मी म्हणायची, "आत्या, सुई घ्यायला चाललीस का सोयरीक जमवायला?"

"दोनी जमलं तर काय वंगाळ?" ती म्हणायची.

इन्सुलिनची बाटली तिथं सगळ्यांना फुकट मिळायची. मागच्या वर्षी खिडकीवर कागद लागला: यापुढं फुकट औषध फक्त गरजूंना, तेही चौकशी करून. आत्या नेहमीसारखी नटून गेली. खिडकीतल्या बाबूनं विचारलं, "आजी, घरी काही कमी आहे का?" आता आमच्याकडं डब्यातलं पीठ संपलं तरी 'संपलं' म्हणत नाहीत, 'वाढलं' म्हणतात. परक्या माणसापुढं तर विचारूच नका. आत्या ऐटीत बोलली, "काई कमी न्हाई साहेब, समदं भरून हाय." बाबूनं बराबर तेच लिहून घेतलं आणि बाटली काही दिली नाही.

"अगं, काहून असं सांगितलंस?" मी कपाळावर हात मारला.

"मंग काय रडू त्याच्यापुढं? त्यो काय माहा भाऊ हाय?"

तिच्या एकटीचं असतं तर मी कुणाच्या हातापाया पडून निस्तरलं असतं. पण वस्तीतल्या अर्ध्या बायांचं असंच झालं होतं. कुणाच्या बीपीच्या गोळ्या बंद, कुणाची रक्ताची तपासणी. एकजात सगळ्या 'समदं बेस हाय' सांगून आलेल्या. धन्य त्या! मी शाळेत शिकवते, म्हणून निवेदन लिहायचं माझ्या गळ्यात पडलं. सोमवारी दवाखान्याच्या फाटकात बसायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी मी अक्कल पाजळली, "आत्या, उद्या काहीतरी जुनं, फाटकं नेस. साहेबांना दिसलं पाहिजे ना."

साडीला इस्त्री करता करता तिनं माझ्याकडं वर बघितलं.

"सोंग करू व्हय? तुह्या कागदात लिही, औषध लुगड्याला देतेत का माणसाला. एवढंच इचार."

लिहिलं. माझी तीन पानं कुणी वाचली नाहीत, तेवढं एक वाक्य मात्र मोठे डॉक्टर दोनदा वाचत होते. समोर पंचवीस-तीस बाया, पांढऱ्याशुभ्र साड्यांत, ताठ बसलेल्या. आमच्यात लग्नालाही पांढरंच नेसतात, म्हणून रस्त्यानं जाणारे विचारत होते, लग्न कुणाचं आहे?

दुपारी डॉक्टर स्वतः बाटली घेऊन बाहेर आले. माणूस वाईट नव्हता. "आजी, तुमचं मी माझ्या सहीनं करून देतो. बाकीच्यांचं वरून पत्र आलं की बघू."

आत्याला सुई चुकून तेव्हा पाच दिवस झाले होते. सकाळपासून ती सारखी नळावर जात होती, ओठ कोरडे पडले होते. तिनं बाटलीकडं बघितलं, पण हात पुढं केला नाही.

"ह्यांचं बी द्या साहेब, मंग घेते."

मी घोषणाबिषणा सगळं विसरले. "घे ना आत्या! मरशील अशानं!"

"गप बस. मी उठले की समद्या उठतेत."

चार वाजता हिंगोलीहून, जिल्ह्याच्या कचेरीतून पत्र आलं. पुढचा आदेश येईपर्यंत चौकशी बंद, औषध पहिल्यासारखं सगळ्यांना. खिडकी उघडली. बाया रांगेला लागल्या, आणि ही सगळ्यांच्या मागं जाऊन उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा नर्सबाईंनी तिच्या बोटाला टोचून साखर बघितली. यंत्रावर आकडाच येईना, इतकी चढलेली.

नर्सबाई घाबरून ओरडल्याच, "एवढ्या साखरेवर दिवसभर उन्हात बसलात? सोबत कुणी नव्हतं का तुमच्या?"

होतं ना. मी होते, शेजारीच, निवेदनाच्या प्रती सांभाळत.