सिस्टरांच्या गाडीची मागची प्लेट

सीमा सिस्टर कड्याच्या वाडीला उलट्या जायच्या, म्हणजे गाडी रिव्हर्समध्ये घालून. राजूरपासून रस्ता बरा होता, पण वाडीखालचा शेवटचा चढ म्हणजे नुसती खडी आणि कातळ. तिथे त्यांच्या छोट्या गाडीची पुढची चाकं जागच्या जागी फिरायची. एकदा वैतागून त्यांनी परत जायला गाडी वळवली, गडबडीत रिव्हर्स पडला आणि गाडी शेळीसारखी वर चढली. तेव्हापासून त्या मान मागे वळवून चढू लागल्या. येतानाही पाठ, जातानाही पाठ. वाडीने त्या गाडीचं तोंड कधी पाहिलंच नव्हतं.

सिस्टर आरोग्य उपकेंद्रात नर्स होत्या. पोरांच्या लसी, बाळंतिणी, म्हाताऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या, सगळं त्यांच्याकडे. गेल्या दिवाळीत चढावरच्या कातळाने गाडीचा सायलेन्सर ओढून काढला, आणि नेमक्या त्याच दिवशी वाडीतल्या मोनिकाला कळा सुरू झाल्या. सिस्टरांनी तिला मागच्या सीटवर घातलं आणि गाडी गर्जत डोंगर उतरू लागली. पहिलटकरीण मोनिका मध्येच ओरडली, "सिस्टर, आधी हिला गप करा!"

मुलगी झाली. दोघी सुखरूप. गाडी गॅरेजात.

"खालून लोखंडी प्लेट बसवायची," सिस्टरांनी गॅरेजवाल्या गोरक्षला सांगितलं. "मागून."

"पुढून म्हंता का?"

"मागून."

"दगड पुढून लागतो, सिस्टर. मागून कोन आपटतं?"

"मी."

नवा सायलेन्सर बसल्यावर गोरक्ष खात्री करायला त्यांच्याबरोबर वाडीला गेला. अर्ध्या चढावर त्याने डोळे मिटले. वर पोचल्यावर म्हणाला, "मागूनच बसवू."

प्लेट कुरिअरने आली. ती भलत्याच गाडीसाठी केलेली निघाली आणि तिचं एकच भोक जुळलं. गोरक्षने बाकीची भोकं पाडली, चासीला पट्ट्या जोडल्या, तापलेला सायलेन्सर टेकू नये म्हणून मध्ये बोटभर जागा ठेवली आणि नटबोल्ट आवळले. सिस्टर तेवढा वेळ बॅटरीचा उजेड धरून वाकून बसल्या होत्या. कंबर धरली, पण त्यांनी बॅटरी हलू दिली नाही.

लसीकरणाच्या दिवशी पहिल्याच कातळावर प्लेट आपटली. ठण्ण! सगळ्या दरीत आवाज घुमला. गाडीला काहीही झालं नाही. सिस्टरांना इतकं बरं वाटलं, की पुढचा दगड त्यांनी चुकवलाच नाही.

वाडीत म्हातारी माणसं गोळ्यांची रिकामी पाकिटं घेऊन रांगेत उभी होती. पोर मात्र एकही नव्हतं.

"टोला ऐकला न् पांगली समदी," पारावर बसलेले कोंडीराम म्हणाले. "काई झाडावर हायेत, काई जाळीत."

सिस्टर लसीचा डबा खांद्याला लावून करवंदीच्या जाळ्यांतून दुपारभर फिरल्या. हाताला दोन पोरं लागली. त्यातलं एक पाहुणं होतं आणि त्याची लस आधीच झालेली होती.

गाडी पुन्हा गॅरेजात आली.

"प्लेट वाकली?" गोरक्षने विचारलं.

"नाही."

"सुटली?"

"नाही. वाजते."

गोरक्ष गाडीखाली शिरून बाहेर आला. मग त्याने ट्रॅक्टरच्या जुन्या टायरचे तुकडे कापून प्लेटच्या तळाला बोल्टने आवळले.

पुढच्या खेपेला दगडावर नुसतं बद्द झालं. वाडीतली पोरं विटीदांडू खेळताना सापडली. सगळ्यांना सुया टोचून झाल्या आणि वाडीभर एकच रडारड उठली. पण आता रांगेत एकही म्हातारं माणूस नव्हतं. सगळी शेताकडे गेली होती. गाडी आलीय हे त्यांना कोण सांगणार?

सिस्टरांनी शेवटच्या पोराच्या दंडावर कापूस दाबला आणि डिकीतून चाकाचा पाना काढला. प्लेटची वरची कड उघडीच होती. त्या गाडीमागे उकिडव्या बसल्या आणि तिच्यावर पाना हाणू लागल्या.

थोड्या वेळाने बांधावरून माणसं येताना दिसली. पुढे कलाबाई होती, कमरेला विळा खोचलेला, धापा टाकत.

"लई घाई केली बाई," ती म्हणाली आणि बीपीसाठी हात पुढे केला.

"आधी बस," सिस्टर म्हणाल्या. "दम खा. नाहीतर उगाच जास्त दाखवेल."