निवट्यांची शिकवणी

माझ्या जावेवर मी अजिबात जळत नाही. ती समोर आली, हसली किंवा बोलली की मला जरा त्रास होतो, एवढंच.

रबाळ्याजवळच्या गावात आमचं तीन मजली घर. खाली सासूबाई, मधे आम्ही आणि वर धाकटी जाऊ सोनल. माझा वेद सीनियर केजीत. जेवायला-झोपायला आमच्याकडे, बाकी सगळा वरती! आईचं ऐकायचं नाही आणि काकू म्हणेल ती पूर्व दिशा.

शाळेत कार्यक्रम ठरला, ‘प्राणी श्वास कसा घेतात’. घरात ज्याने शिकवलं त्याला सोबत घेऊन मुलांनी स्टेजवर बोलायचं.

“कोणाला नेणार रे?” मी सहज विचारल्यासारखं विचारलं. (सकाळपासून दुसरं काही विचारलंच नव्हतं.)

“काकूला! तिने फुग्यांची फुप्फुसं बनवलीत. फुंकलं की फुगतात!”

नऊ महिने पोटात वागवलं मी, आणि स्टेजवर कोण जाणार? तर दोन फुगे फुगवणारी! मी तडक माहेरी भावाला फोन लावला.

“दादा, खाडीतले जिवंत निवटे पाठव.”

“पाहुणे येतायत काय?”

“नाही, शिकवायचंय.”

“कोणाला? निवट्यांना?”

निवटा हा चिखलात उड्या मारणारा मासा, हे मी लहानपणापासून बघत आलेय. पण आमच्यात त्याच्याकडे बघायची रीत एकच : कालवण करायचं की तळायचं? त्यात डोक्यात सोनल. रविवारी मी गच्चीवर टब काठोकाठ भरला, निवटे सोडले आणि गल्लीतली पोरं गोळा केली. सोनलही आली, खुर्ची घेऊन!

“ताई, मीपण शिकते हं.”

(मुद्दाम! शंभर टक्के मुद्दाम!)

“मुलांनो,” मी घसा साफ केला, “मासा कल्ल्यांनी श्वास घेतो. पाण्याबाहेर आला की गुदमरतो.”

माझं वाक्य संपायच्या आत एक निवटा टबाच्या काठावर चढून बसला. बटबटीत डोळ्यांनी त्याने माझ्याकडे बघितलं आणि टुणकन खाली उडी मारली. मग दुसरा, मग सगळेच!

“आई, हे गुदमरत नाहीयेत!”

“थांब जरा, गुदमरतील आता!” काय करणार, माझ्या इज्जतीचा प्रश्न होता!

“ते अंगाच्या कातडीनेपण श्वास घेतात,” सोनल मोबाईलमधून डोकं वर काढून गोड आवाजात म्हणाली. “फक्त ओलं राहायला लागतं त्यांना.”

झालं! पोरांनी बादल्या उचलल्या आणि दिसेल त्या निवट्यावर पाणी ओतत सुटली. दोन निवटे सासूबाईंच्या वाळत घातलेल्या सुकटीत शिरले होते. त्यांच्यामागून बादल्याही शिरल्या! आरडाओरडा ऐकून सासूबाई वर आल्या.

“अगो, माज्या सुकटीत पानी कुनी ओतलं? नि ही जिती निवटं कुठशी आली?”

“आई, मुलांना शिकवायला आणलेत.”

“शिकवतंस काय? कालवन कर त्यांचा!” त्यांनी पदर पसरून निवटे वेचायला सुरुवात केली. पोरांनी रडून गच्ची डोक्यावर घेतली. शेवटी माझे मिस्टर निवटे बादलीत घालून खाडीत सोडून आले. सुकटीचा ओरडा अर्थातच मला. सोनलला सासूबाईंनी चहा करून दिला!

मी तोंड पाडून बसले होते, तेवढ्यात वेद येऊन गळ्यात पडला.

“आई, शाळेत मी तुलाच नेणार. काकूचे फुगे नुसते फुगतात. तुझ्याकडे किती मज्जा येते!”

देव पावला! मी लगेच वर जाऊन सोनलला म्हटलं, “वाईट नको हं वाटून घेऊस.” एवढं सांगायला मी जिन्यावरून अक्षरशः उडत गेले होते. कार्यक्रमाला लग्नातला शालू नेसले.

वेद स्टेजवर माझा हात धरून खणखणीत आवाजात बोलला, “मासा कल्ल्यांनी श्वास घेतो. निवटा ओल्या कातडीनेपण घेतो. आणि माझी आई…”

मी पदर सावरला.

“…काकूचं नाव काढलं की नाकपुड्या फुगवून घेते! आई, करून दाखव ना!”

सगळा हॉल हसला. पहिली टाळी सोनलने वाजवली. मी तिच्याकडे बघितलं मात्र, आणि प्रात्यक्षिक आपोआप झालं!