तातेरावांची शेड आणि टर्बोचा डबा

शहागडहून अंबडच्या दिशेनं निघालं की हायवेला डाव्या हाताला पत्र्याची एक शेड लागते. दाराशी ट्रकची जुनी टायरं रचलेली असतात आणि आत तातेराव कुठल्यातरी गाडीखाली आडवे झालेले असतात. बाहेर फक्त पाय दिसतात. पहिली दोन वर्षं मी त्यांना पायांवरूनच ओळखत होते. माझी मुलगी शिवकन्या अंकुशनगरला शिकवायला मोपेडवर जाते, आणि उसाच्या दिवसांत या रस्त्यावर ट्रकवाले कोणाचं ऐकत नाहीत, म्हणून दर शनिवारी तिचे ब्रेक तपासून घ्यायला मी स्वतः जाते. ब्रेक चांगले आहेत, असं तातेराव सांगतात. पुन्हा बघा, मी म्हणते. ते पुन्हा बघतात. आईच्या काळजीला न हसणारा पुरुष मी या जिल्ह्यात एवढाच पाहिला.

तातेराव मूळचे गॅरेजचे नव्हेत. बावीस वर्षं ते साखर कारखान्यात फिटर होते, रस आटवायच्या मोठमोठ्या भांड्यांवर. रस उकळतो, वाफ वर जाते, आणि जाताना रसाचे बारीक थेंब सोबत घेऊन जाते. ते अडवायला वाफेच्या वाटेत जाळी असते. थेंब जाळीवर आपटून खाली गळतात, वाफ एकटी पुढे जाते. ती जाळी साफ ठेवणं हे तातेरावांचं काम. पुढे गुडघे दुखायला लागले, शिड्या चढवेनात, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि हायवेला शेड टाकली. शेड त्यांची, पण खालची जमीन अप्पारावांची.

अप्पारावांबद्दल थोडक्यात सांगणं अवघड आहे, कारण ते स्वतः काहीच थोडक्यात सांगत नाहीत. बागायतदार माणूस. गावात जे काही चांगलं होतं ते आधी त्यांच्या मनात आलेलं असतं आणि जे वाईट होतं ते त्यांचं न ऐकल्यामुळे. २००३ साली त्यांनी जालन्याहून एक वापरलेली टर्बो जीप आणली. पुढच्या काचेवर लाल अक्षरांत ‘टर्बो’, मागच्या काचेवर ‘टर्बो’, आणि कोणी चुकून बाजूनं बघितलं तर त्याचं नुकसान नको म्हणून दोन्ही दारांवर ‘टर्बो’.

“टर्बो म्हंजी हो काय?” त्यांच्या बायकोनं, कांताबाईंनी, माझ्यासमोरच विचारलं होतं.

“हवा जादा भरती इंजनात. त्यानं ताकद येती.”

“नुसत्या हवेनं?” कांताबाईंनी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. “मंग घरात होती ती काय कमी होती?”

सहा महिन्यांत जीप निळा धूर सोडायला लागली. शहरातल्या मोठ्या गॅरेजनं सांगितलं, टर्बो गेला, नवा टाका. गाडीवर चार वेळा लिहिलेली वस्तू गेली हे अप्पारावांना पटेना. ते जीप घेऊन तातेरावांच्या शेडमध्ये आले. मी तेव्हा ब्रेकच्या दुसऱ्या तपासणीसाठी थांबले होते.

“तात्या, कारखान्याच्या मोळीपूजनाला आमचे व्याही येऊन राह्यले. त्यांला या गाडीत बसवून न्यायचंय. धूर दिसला न्हाई पायजे, बिलकुल.”

“बघतो, मालक.”

“बघतो न्हाई. जमलं तर ठीक. न्हाई जमलं तर शेड खाली कर. त्या जागंवर ढाबा टाकायला माणूस मागं लागलाय.”

तातेराव पाना कपड्याला पुसत राहिले. अप्पाराव गेल्यावर ते माझ्याकडे वळून म्हणाले, “ताई, या गुडघ्यांनी आता दुसरी जागा कुठं हुडकू?”

त्यांनी नळ्या सोडवल्या. पुढच्या शनिवारी त्यांनी मला एक रबरी नळी दाखवली, आतून तेलानं ओली. इंजिन चालताना आत वाफ साठते, तिला बाहेर पडायला एक नळी असते, आणि ही वाफ पुन्हा टर्बोच्या तोंडी दिलेली असते. वाफ तेलाचे थेंब घेऊन जाते. ते टर्बोतून पुढे जाऊन जळतात आणि निळा धूर होतो. मी बी.एस्सी. केलेली, तरी मला दोनदा सांगावं लागलं. तातेरावांना कोणीच सांगितलं नव्हतं.

“आपल्या रसाच्या भांड्यासारखंच हाय की, ताई. तिथं गोड थेंब जायचे, इथं तेलाचे जातेत. मधी जाळी लागती. बस.”

टर्बो त्यांच्या मते धडधाकट होता. त्यांना हवा होता एक डबा. तो माझ्या स्वयंपाकघरातून गेला. जाड स्टीलचा, घट्ट झाकणाचा, मी त्यात शेंगदाणे ठेवायची. दोन दिवसांत परत देतो, म्हणाले होते. त्यांनी त्याला बाजूला एक नळी जोडली, वाफ आत यायला. वर दुसरी, वाफ टर्बोकडे जायला. मध्ये कारखान्यातल्या भंगारातली जुनी जाळी गुंडाळून बसवली आणि बुडाला साठलेलं तेल सोडायला एक तोटी. तेलकट नळ्या डिझेलनं धुतल्या. चौथ्या दिवशी धूर बंद झाला.

अप्पारावांनी गावभर तीन फेऱ्या मारल्या. डब्याचं नावही काढलं नाही. धूर त्यांना घाबरून गेला असावा.

आठ दिवसांनी तातेरावांनी त्यांच्यासमोर बॉनेट उघडून तोटी सोडली. अर्धा कप तेल निघालं, दुधाच्या चहासारख्या रंगाचं. तातेरावांचा चेहरा खुलला. अप्पारावांचा उतरला.

“हे काय?”

“डब्यानं धरलेलं तेल, मालक. हेच आधी जळून धूर व्हायचं.”

“आधी कधी इंजनातनं थेंब गळाला न्हाई! तू डबा लावला अन् तेल निघाया लागलं. हा डबा तेल ओढून राह्यलाय!”

समोरच्या हॉटेलात लगेच बैठक बसली. आधी तेल दिसत नव्हतं, आता दिसतं, मधे फक्त डबा आला, तेव्हा दोष डब्याचा, असं सर्वानुमते ठरलं. कोणी म्हणालं, डबा काढा. पण काढला तर धूर परत येणार आणि व्याही परवा येणार. शेवटी अप्पारावांनीच तोड काढली. डबा राहू द्या, त्याची ओढायची वाट तेवढी बंद करा.

“मालक, असं करू नका,” तातेराव हात जोडून म्हणाले. “ती वाफंची वाट हाय. ती कोंडली तर इंजन दुसरीकडून तोंड फोडतंय.”

“बराबर,” अप्पाराव म्हणाले, आणि घरी जाऊन ड्रायव्हरकडून, वसंताकडून, वरच्या नळीत लाकडी खुंटी ठोकून घेतली. टर्बोकडचं तोंड चिंधी बांधून बंद केलं. वर निरोप पाठवला की पूजन उरकलं की शेड खाली करावी.

हंगामाच्या सुरुवातीच्या त्या मोळीपूजनाला मीही गेले. शिवकन्येच्या शाळेतल्या मुलांचं स्वागतगीत होतं, आणि परतताना तिनं ऊसगाड्यांच्या गर्दीत एकटीनं यावं हे मला मान्य नव्हतं. तातेराव जुने कामगार म्हणून आले होते, मागे उभे होते. पूजा झाली, उसाच्या पहिल्या मोळ्या गव्हाणीत, ऊस आत नेणाऱ्या पट्ट्यावर, पडल्या, आणि अप्पाराव जीप घेऊन पोचले. शेजारी व्याही अण्णासाहेब, डोक्यापासून पायापर्यंत खळ घातलेले पांढरे कपडे. कपड्यांना घडीच एवढी होती की अण्णासाहेब वाकायच्या ऐवजी मिटत होते.

जीपनं धूर सोडला नव्हता. हे सगळ्यांना कळावं म्हणून अप्पारावांनी मैदानात बॉनेट उघडलं.

“या, अण्णासाहेब, बघा. एक थेंब तेल दिसतंय का? वसंता, रेस दे!”

अण्णासाहेब वाकले. वसंतानं पाय दाबला. इंजिन मोठ्यानं ओरडलं, मग तेल मोजायची पट्टी आपल्या भोकातून टपकन वर उडाली आणि तिच्यामागून काळं तेल. अण्णासाहेबांच्या सदऱ्यावर, टोपीवर, कपाळाच्या गंधावर. अप्पारावांच्या वाट्याला जरा कमी आलं, पण आलं.

पोरं गाणं थांबवून टाळ्या वाजवायला लागली. शिवकन्येनं त्यांच्याकडे डोळे वटारले आणि स्वतः पाठ फिरवून हसली.

बद्रीनाथ नावाचे म्हातारे कामगार पुढे झाले. तातेरावांबरोबर त्यांनी भांड्यांवर वीस हंगाम काढलेले. त्यांनी डबा बघितला, नळीतली खुंटी बघितली.

“वाफंची वाट कोणं ठोकली ही?” ते ओरडले. “अरे, उकळत्या रसाच्या भांड्याला असं कोन्ही करतं का?”

भोवती सगळी कारखान्याची माणसं. एकालाही पुढे समजावून सांगावं लागलं नाही. हसू आधी कामगारांत फुटलं, मग खुर्च्यांवर गेलं. तातेराव हसले नाहीत. गर्दीतून आले, खुंटी उपटली, चिंधी सोडली, नळी जागेवर बसवली, पट्टी पुसून परत घातली. “चालू कर, वसंता.” इंजिन शांतपणे चाललं.

अण्णासाहेब तोंड पुसत होते. ते काय बोलतात याकडे अख्ख्या मैदानाचे कान. अप्पारावांची मान तर गव्हाणीत घातल्यासारखी झाली होती.

“माझी गाडी बी टर्बोच हाय,” अण्णासाहेब म्हणाले. “अस्साच निळा धूर मारती. हा डबा लावला कोणं?”

अप्पारावांना विचार करायला एका श्वासाएवढाही वेळ लागला नाही. त्यांनी तातेरावांच्या खांद्यावर हात टाकला.

“आपलाच माणूस, अण्णासाहेब! आपल्याच जागंवर बसवलाय. मी म्हनलं, तात्या, तू हितंच राहा, कुठं जाऊ नको. मीच सुचवलं त्याला, मधी काहीतरी जाळीबिळी पायजे म्हनून.”

तातेरावांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता तरी बोलतील. “होय, मालक,” एवढंच म्हणाले.

शेड राहिली. महिनाभरात तिच्यावर पाटी लागली, ‘अप्पाराव टर्बो डबा केंद्र’. पैठणहून, गेवराईहून जीपा यायला लागल्या. दोघांनी तर टर्बो नसलेल्या गाड्या आणल्या, डबा लावला की टर्बो होते असं ऐकून. तातेरावांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

मी एका शनिवारी रागानं विचारलं, “पाटीवर त्यांचं नाव कशाला?”

“ताई, पाटीवरचा रंग उन्हानं उडंल. पत्रा माझा हाय.”

माझा शेंगदाण्यांचा डबा परत मिळाला नाही. तो अजून अप्पारावांच्या जीपमध्ये आहे. दर महिन्याला तातेराव त्याची तोटी सोडतात आणि निघालेलं तेल एका वाटीत जपून ठेवतात. इंजिनात ते परत घालायचं नसतं. शेडचं लोखंडी दार पूर्वी उघडताना करकरायचं, मला रस्त्यापलीकडे ऐकू यायचं. आता त्या तेलानं ते आवाज न करता सरकतं. शनिवारी मी गेले की तातेराव गाडीखालून पाय हलवतात, म्हणजे थांबा, येतो. मी ब्रेक दोनदा तपासून घेते.