व्याजाला नाही म्हणणारी बाई

चितेगावला आमचा पुठ्ठ्याची खोकी बनवायचा कारखाना आहे. नवरा गेल्यावर मी तो चालवायला घेतला आणि त्याचा एक नियम मोडला नाही: व्याज घ्यायचं नाही, द्यायचंही नाही. आमच्यात ते हराम. कंपनीचा पैसा चालू खात्यात नुसता पडून असतो. बँकेचे साहेब मला बघितलं की कपाळाला हात लावतात. एकदा मी न वाचता सही केली आणि थोडी रक्कम मुदत ठेवीत गेली. तिचं व्याज मी सार्वजनिक संडासाच्या बांधकामाला देऊन टाकलं. साहेब हसले. हसोत बापडे.

धाकटा दीर निम्म्याचा भागीदार; ऑर्डरी तो आणायचा, बँक आणि हिशेब मी बघायचे. गेल्या वर्षी त्याने मोठी ऑर्डर आणली. तिच्यासाठी कारखान्याच्या किमतीची नवी मशीन हवी होती, मशीनसाठी कर्ज. कागद तयार होते, फक्त माझी सही बाकी होती. मी नाही म्हटलं. त्याने कर्ज घेतलेल्या चौघांची यादीच म्हणून दाखवली, सगळे पाच वेळा नमाज पढणारे. त्यांचा हिशेब ते देतील, मी म्हटलं, माझा मला द्यायचाय.

"भाभी, ये धंदा है, मदरसा नहीं," तो म्हणाला.

मग धमकी आली. माझा हिस्सा काढून द्या, मी वेगळा होतो. त्याला पक्कं वाटत होतं की हिस्सा द्यायला मला बँकेच्याच दारात जावं लागेल, नाहीतर कारखाना विकावा लागेल. घरातले सगळे मलाच समजावायला लागले. कुणी म्हणालं, बाईमाणसाने इतका हट्ट करू नये. त्या दिवशी मला रडू आलं, पण ते रागाचं होतं.

मी सीएकडून त्याच्या हिश्श्याची रक्कम ठरवून घेतली, दिराला ऑफिसात बोलावलं आणि त्याच्यासमोर चेक लिहिला. खात्यात पुढच्या एका पगारापुरतंच उरणार होतं.

त्याने आकडा दोनदा वाचला. "भाभी, खाते में इतने थे?"

"होते," मी म्हटलं. "आता नाहीत. कारखाना आहे."